मधले साडेसत्तावीस मिलिमीटर

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जुना फोटो स्टुडिओ शोधा. पुढे झेरॉक्स मशीन, पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा, आणि जिथे पूर्वी डार्करूम होती तिथे लग्नाच्या अल्बमचे खोके. त्या खोलीच्या माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक रेक्झिनची पिशवी बहुधा सापडतेच. आत एखादा झेनिट, एखादा याशिका, बॅटरीच्या खान्यात हिरवा क्षार जमलेली फ्लॅशगन. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एन्लार्जरचं डोकं. अंबडची अशी एक पिशवी तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. देताना तिथले स्टुडिओवाले काका म्हणाले, ‘‘रोल मिळंना, धुवायला कोणी राहिलं नाही. काच मात्र चांगली आहे बघ.’’

काकांचं म्हणणं बरोबर होतं. कॅमेऱ्याचं शटर खिळतं, कापडी पडद्याला भोकं पडतात, मीटर मरतं. काच बहुतेक वेळा शाबूत राहते. ती काच आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवायची तर काय काय लागतं, ते पुढे सांगतो. हे वाचून कोणी जुन्या बाजारात जाऊन खरेदी सुरू करू नये. आधी घरातलं, मामाकडचं, गावातल्या स्टुडिओतलं कपाट उघडावं.

या सगळ्या उद्योगात एकच गोष्ट निर्णायक आहे: लेन्स ज्या कडीवर बसते ती कडी आणि फिल्म यांच्यातलं अंतर. रोलच्या एसएलआर कॅमेऱ्यात या दोहोंमध्ये आरसा असायचा आणि बटण दाबलं की तो वर उडायचा. त्याला हलायला जागा हवी, म्हणून लेन्सची कडी फिल्मपासून चार-साडेचार सेंटिमीटर पुढे ठेवावी लागे. झेनिट, प्रॅक्टिका आणि जुने पेंटॅक्स यांच्या एम४२ आटे असलेल्या लेन्ससाठी हे अंतर ४५.४६ मिमी आहे. निकॉन एफ माउंटचं ४६.५, ऑलिंपस ओएमचं ४६, मिनोल्टाचं ४३.५, कॅननच्या जुन्या एफडीचं ४२. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. त्यामुळे सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमीवर आलं, फुजीच्या एक्समध्ये १७.७, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये तर फक्त १६. जुन्या अंतरातून नवं वजा करा, जे उरेल तेवढ्या जाडीची पोकळ रिंग मध्ये घाला, म्हणजे लेन्सला वाटतं आपण अजून झेनिटवरच आहोत. एम४२ची लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी. रिंगेत काच नसते, सर्किट नसतं. म्हणूनच ती हजार-दीड हजारात मिळते.

हाच हिशेब उलटा केला की कुठे पैसे घालवू नयेत तेही कळतं. तुमच्याकडे निकॉनचा आरशावाला डीएसएलआर असेल तर त्याचं अंतर ४६.५, एम४२ला हवंय ४५.४६. रिंग शून्य जाडीची केली तरी लेन्स एक मिलिमीटर पुढेच राहणार. तो एक मिलिमीटर किती महागात पडतो ते सोप्या गणिताने कळतं: लेन्सच्या फोकल लांबीचा वर्ग भागिले चुकीचं अंतर. ५० मिमीच्या लेन्ससाठी २५०० भागिले १.०४, म्हणजे सुमारे २४०० मिमी. अडीच मीटरच्या पलीकडचं काहीही स्पष्ट होत नाही. पोर्ट्रेट निघतील, शेत निघणार नाही. यावर तोड म्हणून मध्ये छोटं भिंग असलेल्या रिंग विकतात. मी त्या वापरल्या आहेत आणि त्यांची शिफारस करणार नाही. चांगल्या काचेमागे स्वस्त काच लावून काय मिळवायचं? कॅनन ईओएसच्या डीएसएलआरचं अंतर ४४ आहे, त्यामुळे एम४२ त्याच्यावर सरळ बसते. पण कॅननचीच जुनी एफडी लेन्स बसत नाही, कारण तिला ४२ हवेत. कंपनीचं नाव एक असलं तरी हे गणित बदलत नाही.

निकॉनवाल्यांसाठी आणखी एक. १९७७ पूर्वीच्या, म्हणजे बॉडीला अ‍ॅपर्चर कळवणारी ‘एआय’ कड नसलेल्या निकॉन लेन्स डी७००० सारख्या बॉडीवर जोर लावून फिरवू नका. बॉडीच्या कडेला एक छोटा खटका असतो, तो मोडतो. त्या झेडवर साध्या रिंगेने लावा.

एक मिलिमीटरची गंमत मी स्वतः भोगली आहे. जालन्याला लेथची काय कमी! सळईचं गाव आहे, जुन्या एमआयडीसीत वळाल तिथे टर्नर. कुरिअरची वाट बघण्यापेक्षा रिंग इथेच करून घेऊ, असा उत्साह आला. बायोनेटची, म्हणजे कॅमेऱ्यात फिरवून अडकवायची बाजू लेथवर होत नाही, म्हणून मॅक्रोच्या स्वस्त नळ्यांच्या संचातली सोनीची कडी काढली आणि पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा कागद करून दिला: आतला आटा ४२, पिच एक एमएम. रोलिंग मिलचे शाफ्ट करणाऱ्या माणसाने तो बोटाएवढा तुकडा उलटसुलट करून बघितला. ‘‘सर, एवढुसं? अर्धा एमएम इकडंतिकडं चालतंय ना?’’ मी ऐटीत म्हणालो, पाव सुद्धा नाही. त्याने व्हर्नियर लावून आकडा तंतोतंत काढला. चूक माझ्या कागदात होती. आतल्या पायरीची एक मिलिमीटर जाडी मी दोनदा धरली होती. अंगणात जास्वंद झकास आली. संध्याकाळी मोती तलावावर गेलो तर पलीकडचा काठ पिठात कालवल्यासारखा. माझी लेन्स ५८ मिमीची, आणि ५८ चा वर्ग ३३६४. साडेतीन मीटरच्या आतच माझं जग संपत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने एक मिलिमीटर खरडून दिला आणि जाता जाता कामाचं बोलला, ‘‘कमी झालं तर चालतंय का? मग कमीच ठिवायचं असतंय.’’ खरंच तसंच आहे. रिंग मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने बारीक असली तर लेन्स इन्फिनिटीच्या खुणेच्या थोडं अलीकडेच दूरचं स्पष्ट दाखवते, एवढाच फरक. जाड झाली तर लेन्सच्या फिरकीला काही करता येत नाही. बाजारातल्या रिंग म्हणूनच मुद्दाम किंचित बारीक करतात. रिंग हातात आली की पहिली परीक्षा चंद्रावर घ्या. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, स्क्रीनवर चंद्र मोठा करून बघा, त्याची कड धारदार होऊन पुन्हा किंचित मऊ पडली पाहिजे. ती मऊ न होता खूण संपली, तर रिंग काठावर आहे. धारदारच झाली नाही, तर परत पाठवा.

लेथवर कॅमेऱ्याचे भाग करण्याचा नाद आपल्याकडे जुना आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी मूव्ही कॅमेरा स्वतः घडवण्याचा घाट घातला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये तो पुरा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आपलं काम त्यामानाने एका कडीचं.

आता मुळात लेन्स चांगली आहे का, ते कसं बघायचं? मोबाइलचा टॉर्च मागून लावा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखं धुकं दिसलं तर आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसली आहे. धुळीचे चार कण दिसले तर दुर्लक्ष करा, फोटोत ते येत नाहीत. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये बुरशी जास्त भेटते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती कमी. आपला रोग वेगळा, धूळ आणि वाळलेलं ग्रीस. फोकसची रिंग दगडासारखी घट्ट असते, नाहीतर फिरताना खरखरते. घट्ट रिंग सांडशीने फिरवू नका आणि शिलाई मशीनचं तेल तर मुळीच सोडू नका. ते तेल पाझरून अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर जातं आणि पाती चिकटतात. एकदा ग्रीस बदलून घ्यावं, आणि तेही कॅमेरा खोलणाऱ्या जाणत्या माणसाकडून. बुरशीचंही तेच. बाहेरच्या काचेवरची पुसता येते, आतली पुसायची तर लेन्स उघडावी लागते, आणि पहिल्यांदा उघडलेली लेन्स पहिल्यांदाच जुळते असं होत नाही.

ठेवायचं कशात? अनेक घरांत लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवलेली मी पाहिली आहे. तांदळाचा भुगा आटे आणि फटींत जातो, म्हणून तसं करू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते. रेक्झिनची किंवा चामड्याची मूळ पिशवी प्रेमाने वेगळी ठेवा. बुरशी तिथूनच येते.

काही जुन्या पेंटॅक्स लेन्स, विशेषतः सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४, आतून चहासारख्या पिवळ्या दिसतात. त्यांच्या काचेत थोरियम आहे. त्याच्या किरणोत्साराने काच रंगते. नेहमीच्या वापराला त्याचा त्रास नाही, फक्त ती काच घासू-फोडू नये. तो पिवळेपणा उन्हाने उतरतो, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून खिडकीत काही दिवस ठेवा, पण तोंड थेट सूर्याकडे करू नका. लेन्स म्हणजे भिंगच. दुपारच्या उन्हात ती पडदा पेटवू शकते.

लेन्स बसली. कॅमेरा सुरू केला की तो ‘लेन्स नाही’ म्हणून हटून बसतो. घाबरू नका, त्याला खरोखर ती दिसत नाही. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी असते, ती चालू करा. बॉडीत थरथर थांबवणारी यंत्रणा असेल तर फोकल लांबीचा आकडा हाताने भरा. दुसरी लेन्स लावून आकडा जुनाच राहिला तर यंत्रणा चुकीच्या मापाने सेन्सर हलवते आणि फोटो उलट जास्त हलतो. हे माझ्याकडून अजूनही होतं. फोकस पीकिंगचा, म्हणजे स्क्रीनवर स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचा, रंग लाल ठेवा. हिरवा ठेवला तर हरभऱ्याच्या शेतात काही दिसणार नाही. पीकिंगवर पूर्ण विसंबू मात्र नका. डोळ्यावर फोकस हवा असेल तर तेवढा भाग मोठा करूनच बघा. मोड ‘ए’ ठेवला की अ‍ॅपर्चर तुमच्या हातात, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते, कॅननच्या छोट्या सेन्सरवर ८० सारखी. म्हणजे घरातल्या समारंभाला अडचण, पोर्ट्रेटला सोय.

एम४२च्या बऱ्याच लेन्सच्या पाठीला एक बारीक पिन असते. ती दाबली गेल्याशिवाय अ‍ॅपर्चर मिटत नाही. रिंगेच्या आत कड असेल तर पिन दाबलेली राहते. तशीच रिंग मागवा. पिशवीत झेनिटबरोबर निघणारी हेलिऑस ४४-२ मात्र या भानगडीतून सुटली आहे. तिला दोन रिंगा: एक आकडा नेमायची, दुसरी उघडायची-मिटायची. उघडी ठेवून फोकस करायचं, मग मिटवून फोटो. सवय व्हायला एक सकाळ लागते. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा बनवल्याचं साल सांगतात. ८३ ने सुरुवात असेल तर लेन्स १९८३ ची.

ही ५८ मिमी एफ/२ ची हेलिऑस मुळात युद्धापूर्वीच्या जर्मन बायोटारची नक्कल. लोक तिच्यामागे वेडे आहेत ते पार्श्वभूमीच्या भोवऱ्यासाठी. त्याला नेमकी मांडणी लागते. माणूस दीड-दोन मीटरवर, पाठीमागे पाच-सहा मीटरवर पानं, आणि पानांच्या फटींतून उजेड. आपल्याकडे त्याला मोसंबीच्या बागेइतकी चांगली जागा नाही. झाड फार उंच नाही, पान चकचकीत, ओळी सरळ. सकाळी आठच्या आत, सूर्य झाडांच्या मागे असताना एफ/२ वर फोटो काढा. पानांमधले ठिपके माणसाभोवती गोल फिरल्यासारखे येतात. एफ/४ ला भोवरा जवळजवळ विरतो. आणि एप्रिलच्या दुपारी हीच लेन्स घेऊन बाहेर पडू नका. जुन्या लेन्सवरचा लेप आजच्या मानाने तोकडा असतो, मराठवाड्याचं पांढरं ऊन बाजूने शिरलं की फोटोवर दुधाचा हात फिरतो. हूड लावा. नसेल तर हाताची सावली धरा, आमचे काका टोपी धरायचे.

पिशवीतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे एन्लार्जरची लेन्स. एवढीशी, फोकसची रिंग नसलेली. लोक ती भंगारात देतात. माझ्या मते या सगळ्यात सोनं तीच. तिचं आयुष्यभराचं काम जवळून, सपाट कागदावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखं स्पष्ट चित्र पाडायचं. म्हणजे मॅक्रोसाठीच जन्मलेली. काकांच्या एन्लार्जरला ५० मिमीची एल-निक्कोर होती, आटा ३९ मिमीचा. ३९ वरून ४२ करणारी पातळ कडी, मग १७ ते ३१ मिमी लांबणारा हेलिकॉइड म्हणजे फिरकीची नळी, आणि बॉडीकडे मिलिमीटरभर जाडीची एम४२ रिंग. एवढ्यात ती लांबचंही फोकस करते. जवळ जायचं असेल तर मध्ये एम४२च्या नळ्यांचा संच घाला. लेन्सच्या फोकल लांबीइतकी, म्हणजे ५० मिमी, जादा लांबी दिली की वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी, एकास एक उतरते. एक बारकावा: यांतल्या काही लेन्समध्ये अंधारात अ‍ॅपर्चरचा आकडा दिसावा म्हणून बाजूने उजेड आत घेणारी खिडकी असते. तिच्यावर काळी टेप लावा, नाहीतर प्रत्येक फोटोत एका बाजूने धूसर पट्टा येईल आणि तुम्ही रिंगेला शिव्या घालाल.

या लेन्सचा उपयोग आमच्याकडे कापसात झाला. डोमकळी म्हणजे पाकळ्या जाळीने चिकटून न उमललेलं फूल, गुलाबी बोंडअळीची पहिली खूण. मोबाइलवर ती नुसती कोमेजलेल्या फुलासारखी दिसते. एन्लार्जरच्या लेन्सने एफ/८ वर, दोन पाकळ्या बाजूला करून घेतलेल्या फोटोत जाळीचे धागे मोजता आले, आत अळीचं काळपट डोकं दिसलं. वाऱ्यात हे जमत नाही. फूल तोडून ओट्यावर आणलं, बाजूला पांढरा कागद धरला. फोकस रिंगेने न करता कॅमेराच पुढे-मागे सरकवायचा. इतक्या जवळ स्पष्टतेचा थर मिलिमीटरभरही नसतो, म्हणून एकाच जागेचे दहा-बारा फोटो काढा.

हीच लेन्स घरच्या जुन्या निगेटिव्ह कॉपी करायलाही वापरा. खाली एलईडीचा पांढरा पॅड, वर कॅमेरा सेन्सर निगेटिव्हला समांतर धरून, खोलीत अंधार. मग कॉम्प्युटरवर रंग उलटे करा. स्कॅनरपेक्षा हे भरभर होतं.

फार जुन्या स्टुडिओत, लाकडी फील्ड कॅमेऱ्याच्या पुढे, पितळी लेन्स असते. ही वेगळीच जात. पेत्झवालची रचना १८४० ची. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, आणि त्याच राज्यातल्या सिकंदराबादेत राजा दीनदयाळांचा स्टुडिओ होता. त्या काळची छायाचित्रं अशाच मोठ्या काचांतून उतरली. हिला शटर नसतं. टोपण काढायचं, मोजायचं, टोपण लावायचं. रिंगही मिळत नाही. आधी फोकल लांबी मोजा: दिवसा खोलीत अंधार करून एका खिडकीतून दूरचं झाड समोरच्या भिंतीवर पाडा, झाड स्पष्ट झालं की लेन्सच्या मधोमधपासून भिंतीपर्यंत पट्टी लावा. समजा १५० मिमी निघाली. सोनीच्या सेन्सरपर्यंतचे १८ वजा केले तर सव्वाशे-एकशे तीस मिमीची नळी हवी. त्यासाठी शेतातला पीव्हीसी पाइप सर्वांत उत्तम. ७५ चा पाइप बाहेर, ६३ चा आत, मधल्या फटीत काळी मखमल चिकटवली की आतली नळी लोण्यासारखी सरकते. हाच तुमचा फोकस. दोन मीटरवर बसलेल्या माणसासाठी ती साधारण १२ मिमी बाहेर येते. बॉडीच्या बाजूला कॅमेऱ्याचं प्लॅस्टिकचं टोपण मधून कापून एपॉक्सीने बसवा. नळीचा आतला भागही मखमलीनेच मढवा. ही लेन्स मोठ्या प्लेटसाठी आहे, सेन्सरवर न मावणारा उजेड पाइपच्या भिंतीवर आपटून परत येतो. काळा रंग पुरत नाही, तो तिरक्या उजेडात चमकतो. नळी कॅमेऱ्यावर लटकवू नका. पितळ जड असतं, खाली आधार द्या.

चालू कॅमेरा मात्र काचेसाठी फोडू नका. याशिका-मॅट सारख्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या पोटातच शटर आहे. ती उपटली की कॅमेरा मेला आणि लेन्सही अपंग झाली. त्याला अजून १२० चा रोल मिळतो, त्यात घाला. वडोदऱ्याला बनलेला आगफा क्लिक-३ तडकलेला असेल तर त्याची साधी काच खुशाल काढून पाइपला लावून बघा. मऊ, कडांना विरघळणारं चित्र येतं.

लेन्स चढवण्याआधी तिची पाठ कोरड्या ब्रशने झटका. जुन्या आट्यांतला कीस थेट सेन्सरवर पडतो. हे काम अंगणात नको, वाऱ्याच्या दिवशी तर नकोच.

कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखता येत नसल्यामुळे फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव आणि अ‍ॅपर्चर कोरं राहतं. महिन्याभराने दोनशे फोटो समोर आले की हेलिऑसचा कुठला आणि एन्लार्जरचा कुठला, काही आठवत नाही. काका निगेटिव्हच्या पाकिटावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि अ‍ॅपर्चर लिहीत. मी लेन्स बदलली की पहिला फोटो चिठ्ठीचा काढतो: नाव, अ‍ॅपर्चर, कुठली रिंग. अ‍ॅपर्चर बदललं की पुन्हा एक चिठ्ठी.